डिटर्जंट शीट: तीन ग्रॅमच्या पापुद्र्यात किती धुणं मावतं?

कपडे धुण्याच्या साबणाची वडी झाली, पावडर झाली, लिक्विड झालं, लिक्विडची छोटी पाकिटं झाली. आता कागदासारखी पातळ शीट आली आहे. मशीनच्या ड्रममध्ये किंवा बादलीतल्या पाण्यात ती टाकायची, ती विरघळते आणि धुणं सुरू. जड बाटली उचलायला नको, झाकणाने मापायला नको, काही सांडायला नको. वेष्टनावर ‘प्लास्टिकमुक्त’ असं ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं.

बातम्या मात्र वेगळंच सांगतात. या शीटमध्ये प्लास्टिकच आहे, असा आक्षेप पर्यावरण संघटना घेतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या नगर परिषदेत अशा शीट्स आणि विरघळणाऱ्या पाकिटांवर बंदी घालण्याचा प्रस्ताव मांडला गेला. ग्राहकांच्या वतीने चाचण्या घेणाऱ्या संस्था तर विचारतात की प्लास्टिकचं राहू द्या, ही शीट मुळात कपडे धुते का?

मला वाटतं, या वादात महत्त्वाचा प्रश्न मागे पडतो. बाटलीतून शीटपर्यंत येताना वजन कमालीचं घटलं. त्यातलं किती नुसतं पाणी होतं आणि किती धुणारा माल होता? हे कळलं की शीट कोणत्या कपड्यांना पुरेल आणि कोणत्या कपड्यांना अपुरी पडेल, हे तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

मळ निघतो म्हणजे नेमकं काय होतं?

कपड्यावरचा सगळा मळ एका जातीचा नसतो. घामातलं मीठ, साखरेचे डाग, वरवरची धूळ हे नुसत्या पाण्यानेही बरंचसं निघतं. अंगाचं तेल, स्वयंपाकातलं तूप-तेल, मलम यांना मात्र पाणी धरत नाही. तिथे डिटर्जंट लागतं. त्यातला मुख्य घटक म्हणजे सरफॅक्टंट. हा असा रेणू असतो, ज्याचं एक टोक पाण्याकडे ओढलं जातं आणि दुसरं तेलाकडे. असे कितीतरी रेणू तेलाच्या थेंबाला चहूबाजूंनी वेढतात, त्यांची पाणी-प्रेमी टोकं बाहेरच्या बाजूला राहतात आणि तो थेंब कापडावरून सुटून पाण्यात तरंगू लागतो. पाणी सोडून दिलं की मळही गेला.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. तेलाला पोटात घेणारे हे गोळे पाण्यात सरफॅक्टंटचं प्रमाण एका ठरावीक पातळीच्या वर गेल्यावरच तयार होतात. त्यामुळे ‘निम्मं डिटर्जंट टाकलं तर निम्मी तरी स्वच्छता मिळेल’ हा हिशेब नेहमी बरोबर येत नाही. पातळीच्या खाली राहिलात तर तेलकट मळ नीट निघत नाही.

शिवाय सरफॅक्टंट एकटा पुरत नाही. चांगल्या डिटर्जंटमध्ये त्याच्या जोडीला आणखी मंडळी असतात. पाण्यातले क्षार बांधून ठेवणारे ‘बिल्डर’ असतात. रक्त, दूध, अंडं यांसारखे प्रथिनांचे डाग, पिष्टाचे डाग आणि चरबीचे डाग यांचे तुकडे करणारे वेगवेगळे एन्झाइम असतात. चहा, फळं, हळद अशा रंगीत डागांचा रंग मोडणारं ब्लीच असतं. आणि सुटलेला मळ परत कापडावर बसू नये म्हणून घातलेले घटक असतात. हा शेवटचा घटक कुणाच्या खिजगणतीत नसतो, पण पांढरे कपडे महिनोन्महिने पांढरे राहतात ते बऱ्याच अंशी त्याच्यामुळे.

१९५९ मध्ये हर्बर्ट सिनर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने धुण्याचं गणित चार गोष्टींत मांडलं: रसायन, तापमान, वेळ आणि घासणं-घुसळणं. यातली एक कमी केली तर उरलेल्या तिघींनी ती तूट भरून काढायची. डिटर्जंटच्या व्यवसायात आजही हीच मांडणी वापरतात. शीट वापरताना तुम्ही रसायन कमी करत असाल, तर पाणी जास्त गरम, वेळ जास्त किंवा घासणं जास्त, यांपैकी काहीतरी वाढवावंच लागतं. नेमकं याच काळात आपण गार पाण्याकडे आणि अर्ध्या तासाच्या झटपट प्रोग्रॅमकडे वळलो आहोत. म्हणजे चारपैकी तीन बाजूंनी कपात.

वजन कुठे गेलं?

एक साधा हिशेब करून पाहू. लिक्विडचं एका धुण्याचं माप ५० मिलिलिटर धरलं, तर साठ धुण्यांना तीन लिटर लागतं, म्हणजे अंदाजे तीन किलो. एक शीट तीन ग्रॅमची धरली, तर साठ शीट्सचं वजन १८० ग्रॅम. फरक इतका मोठा आहे की शीटची जाहिरात त्यावरच उभी राहते: लिक्विडमध्ये मुख्यतः पाणीच असतं, ते पाणी ट्रकमधून देशभर फिरवायचं कशाला?

युक्तिवाद खरा आहे, पण अर्धा. लिक्विडमध्ये पाणी निम्म्याहून जास्त असतं, हे खरंच. पण त्या ५० मिलिलिटरमध्ये सरफॅक्टंट वीस टक्के धरला, तरी तो दहा ग्रॅम भरतो. इकडे अख्खी शीटच तीन ग्रॅमची, आणि त्यातलाही बराच भाग शीटला आकार देणाऱ्या फिल्मचा. उरलेल्या दोन-अडीच ग्रॅममध्ये सरफॅक्टंट, सुगंध, मऊपणासाठी ग्लिसरीन असं सगळं बसवायचं. पाणी काढून टाकलं एवढंच नाही, धुणारा मालही कमी झाला. माझ्या मते शीट्सबद्दलची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच, आणि वेष्टनावर ती कधी सापडत नाही.

काय वगळलं गेलं, याला कारण शीट बनवण्याच्या पद्धतीतही आहे. फिल्मचा आणि सरफॅक्टंटचा ओला लगदा पातळ थरात पसरतात आणि उष्णता देऊन वाळवतात. पावडरीतलं ब्लीच, म्हणजे सोडियम परकार्बोनेट, ओलं झालं की लगेच काम करू लागतं. ओल्या लगद्यात ते घातलं तर शीट तयार होईपर्यंत त्याचा जोर संपून जाईल. एन्झाइमनाही ओल आणि उष्णता एकत्र मानवत नाही. काही शीट्समध्ये ते असतात, बऱ्याच शीट्समध्ये नसतात. आणि बिल्डर परिणामकारक व्हायला काही ग्रॅम लागतात, तेवढी जागाच शीटमध्ये नाही.

पाणी क्षाराचं असेल तर?

बिल्डर नसण्याचा सगळ्यात मोठा फटका इथे बसतो. पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जास्त असलं की ते क्षाराचं किंवा जड पाणी. लिटरमागे १२० मिलिग्रॅमच्या वर (कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात) गेलं की ते जड मानतात, १८० च्या वर गेलं की फार जड. हे क्षार सरफॅक्टंटच्या रेणूंना पकडून निकामी करतात. त्यामुळे तुम्ही टाकलेल्या डिटर्जंटचा एक भाग मळाशी गाठ पडण्याआधीच क्षारांशी लढण्यात खर्ची पडतो. पन्नास मिलिलिटरमधून काही भाग गेला तर निभावून जातं. तीन ग्रॅममधून गेला तर उरतं काय?

तुमचं पाणी कसं आहे, हे प्रयोगशाळेशिवायही ढोबळमानाने कळतं. नळाच्या तोटीवर, बादलीच्या कडांवर, किटलीच्या तळाशी पांढरा थर बसत असेल तर पाणी जड आहे. अधिक खात्री हवी असेल तर पारदर्शक बाटलीत थोडं पाणी घेऊन त्यात साध्या साबणाचा कीस टाका आणि जोरात हलवा. साबणच घ्या, डिटर्जंट नको. भरपूर फेस आणि खाली स्वच्छ पाणी दिसलं तर पाणी मऊ. फेस जेमतेम आणि पाणी दुधट, वर साय धरल्यासारखं दिसलं तर जड.

पाणी जड असलं तरी शीट वापरायचीच असेल, तर धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट, वेगळा घालता येतो. खाण्याचा सोडा निराळा, त्याने हे काम होत नाही. लोकर आणि रेशमाला मात्र धुण्याचा सोडा लावू नका. आता कुणी म्हणेल की सोडा, शीट, डागांसाठी आणखी काहीतरी असं तीन ठिकाणांहून घालायचं असेल तर सोय कुठे राहिली? बरोबर आहे. पावडरीच्या एका चमच्यात हे सगळं आधीच एकत्र केलेलं असतं.

‘पण आमचे कपडे तर स्वच्छ निघतात!’

शीट वापरणारे अनेक जण मनापासून असं सांगतात, आणि ते खोटं बोलत नाहीत. दिवसभर कचेरीत घातलेला शर्ट, एकदाच वापरलेला टॉवेल, घरातले साधे कपडे यांच्यावर मळ असतो तरी किती? मशीन त्यांना पाण्यात तासभर घुसळते, त्यातच बराच मळ निघून जातो. वर सुगंध आला की मन निश्चिंत होतं. वास मात्र स्वच्छतेचा पुरावा नाही. सुगंधाचे रेणू कापडाला चिकटून राहावेत म्हणून मुद्दाम निवडलेले असतात, खालचा मळ गेलेला असो वा नसो.

म्हणूनच चाचणी घ्यायची तर तुलना साध्या पाण्याशी करायला हवी. अमेरिकेतली कन्झ्युमर रिपोर्ट्स आणि ऑस्ट्रेलियातली चॉइस या स्वतंत्र ग्राहक संस्था ठरावीक डाग लावलेली कापडं धुऊन, उपकरणाने रंग मोजून निकाल देतात. दोन्हीकडे शीट्स चांगल्या लिक्विड आणि पावडरींच्या बऱ्याच मागे पडल्या. काही शीट्स साध्या पाण्याहून जेमतेम सरस ठरल्या.

घरीही हे करता येतं. जुनं पांढरं सुती कापड घ्या, त्यावर तेल, चहा आणि मातीचे डाग लावा, एक दिवस वाळू द्या आणि कापड तीन तुकड्यांत कापा, प्रत्येक तुकड्यावर तिन्ही डाग येतील असं. एक तुकडा साध्या पाण्यात, एक शीटबरोबर आणि एक तुमच्या नेहमीच्या डिटर्जंटबरोबर, एकाच प्रोग्रॅमवर वेगवेगळा धुवा. वाळल्यावर दिवसाच्या उजेडात शेजारी ठेवून पाहा. शीटचा तुकडा पाण्याच्या तुकड्यासारखा दिसला तर उत्तर मिळालं. नेहमीच्या डिटर्जंटच्या तुकड्यासारखा दिसला, तर तुमच्या पाण्याला आणि मशीनला ती शीट मानवते आहे आणि ती खुशाल वापरा.

एक परिणाम मात्र एका धुण्यात दिसत नाही. सुटलेला मळ थोडाथोडा परत कापडावर बसत राहतो आणि पांढरे कपडे हळूहळू करडे पडतात. हा बदल इतका सावकाश होतो की रोज बघणाऱ्याला कळतच नाही. त्यासाठी त्याच कापडाचा एक न धुतलेला तुकडा कपाटात जपून ठेवावा आणि आठ-दहा धुण्यांनंतर जुळवून पाहावं. व्यायामाचे पॉलिएस्टरचे कपडेही असेच फसवतात. हा धागा अंगाचं तेल घट्ट धरून ठेवतो, त्यामुळे धुतल्यावर वास नसतो आणि अंगात घालून जरा घाम आला की जुना वास परत येतो. तसं होत असेल तर तेल निघालेलं नाही, असं समजा.

शीट कशाने धरलेली असते?

आता प्लास्टिकच्या वादाकडे येऊ. सरफॅक्टंटला कागदासारखं रूप द्यायला बांधणारा काहीतरी पदार्थ लागतो. बहुतेक शीट्समध्ये तो असतो पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, थोडक्यात पीव्हीए. लिक्विडच्या विरघळणाऱ्या पाकिटांचं आवरणही याचंच. विली हेरमान आणि वोल्फ्राम हेनेल या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी १९२४ मध्ये तो पहिल्यांदा तयार केला. म्हणजे पदार्थ शंभर वर्षांचा जुना आहे. कापडउद्योगात सुताला खळ देण्यासाठी तो वापरला जातो आणि डोळ्यांच्या थेंबांतही असतो.

रसायनशास्त्राच्या भाषेत पीव्हीए हा पेट्रोलियमपासून बनवलेला पॉलिमर आहे, म्हणजे एकाच प्रकारचे छोटे रेणू जोडून केलेली लांबलचक साखळी. तिचा कणा प्लास्टिकच्या पिशवीतल्या पॉलिथिनसारखाच, कार्बनला कार्बन जोडलेला. फरक एवढाच की या कण्यावर जागोजागी पाण्याला ओढून घेणारे गट बसवलेले असतात, म्हणून पिशवी पाण्यात तशीच राहते आणि हा विरघळतो. गार पाण्यात विरघळणार की फक्त गरम पाण्यात, हेही या गटांच्या प्रमाणावर ठरवता येतं. धुण्यासाठीच्या फिल्ममध्ये ते प्रमाण मुद्दाम थोडं कमी ठेवतात, म्हणून ती गार पाण्यातही विरघळते.

तर पीव्हीए प्लास्टिक आहे का? पाण्यात विरघळत असलं तरी कृत्रिम पॉलिमर म्हणजे प्लास्टिकच, असं म्हटलं तर आहे. घट्ट कणांच्या रूपात साचून राहतं तेच प्लास्टिक, असं म्हटलं तर नाही. युरोपीय संघाने सप्टेंबर २०२३ मध्ये उत्पादनांत मुद्दाम मिसळलेल्या सूक्ष्म प्लास्टिकवर निर्बंध आणले, तेव्हा लिटरभर पाण्यात दोन ग्रॅमहून जास्त विरघळणारे पॉलिमर त्यातून वगळले. त्या कायद्यानुसार विरघळलेला पीव्हीए सूक्ष्म प्लास्टिकमध्ये मोडत नाही. पण व्याख्येत बसत नाही म्हणजे नाल्यातून पुढे गेल्यावर त्याचं काय होतं, हा प्रश्न सुटला असं होत नाही.

‘विरघळला म्हणजे संपला ना?’

साखर पाण्यात विरघळली की दिसेनाशी होते, पण पाणी गोड लागतं. साखर गेलेली नसते. पीव्हीएचंही तसंच. विरघळणं म्हणजे साखळ्या एकमेकींपासून सुटून पाण्यात पसरणं. साखळी तुटून तिचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होणं, म्हणजे जैविक विघटन, ही वेगळी क्रिया. ते काम जिवाणू करतात.

धुण्याच्या इतिहासात हा धडा एकदा मोठी किंमत देऊन शिकला गेला आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर साबणाची जागा कृत्रिम डिटर्जंटने घेतली. त्यात वापरला जाणारा एक सरफॅक्टंट पाण्यात उत्तम विरघळायचा, उत्तम धुवायचा, पण त्याच्या रेणूच्या शेपटीला फांद्या होत्या आणि त्या फांद्यांमुळे जिवाणूंना तो पचेना. १९५० च्या दशकात युरोप-अमेरिकेतल्या नद्यांवर आणि सांडपाण्याच्या केंद्रांवर फेसाचे डोंगर उभे राहिले. पश्चिम जर्मनीने १९६१ मध्ये कायदा केला आणि १९६४ पासून डिटर्जंटचं विघटन होणं बंधनकारक केलं. अमेरिकी उद्योगाने १९६५ च्या सुमारास सरळ शेपटीचा सरफॅक्टंट स्वीकारला. फांद्या काढून टाकल्या एवढाच बदल, आणि फेस ओसरला. तोच सरळ शेपटीचा रेणू आजही जगभरच्या डिटर्जंटमध्ये आहे. मला ही गोष्ट आशेची वाटते, कारण तेव्हा कुणी कपडे धुणं थांबवलं नाही. प्रश्न नीट विचारला गेला, कायद्याने उत्तर मागितलं आणि उद्योगाने ते शोधलं.

पीव्हीएच्या बाबतीत प्रश्न विचारला गेला आहे, उत्तरावर मात्र भांडण सुरू आहे. पीव्हीए पचवणारे जिवाणू आहेत, हे अनेक दशकांपासून माहीत आहे. पण ते सगळीकडे सारखे नसतात. ज्या सांडपाणी केंद्रात पीव्हीए नेहमी येतो, तिथे अशा जिवाणूंची वस्ती वाढते आणि विघटन चांगलं होतं. जिथे तो क्वचित येतो किंवा पाणी फार गार असतं, तिथे ते मंदावतं. उत्पादक ज्या प्रमाणित चाचणीचा दाखला देतात, तिच्यात २८ दिवसांत ६० टक्के कार्बनचं कार्बन डायऑक्साइड व्हावं लागतं. सांडपाणी केंद्रातून पाणी साधारण तासांच्या हिशेबात पुढे जातं. गाळ मात्र बरेच दिवस राहतो.

२०२१ मध्ये अॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी अंदाज मांडला की अमेरिकेत धुण्याभांड्यांच्या विरघळणाऱ्या पाकिटांतून येणाऱ्या पीव्हीएपैकी सुमारे तीन चतुर्थांश प्रक्रियेनंतरही विघटन न होता पर्यावरणात जातो. हा अभ्यास बऱ्याच बातम्यांत येतो. त्याबद्दल दोन गोष्टी माहीत असाव्यात: तो मुख्यतः आधीच्या आकड्यांवर बांधलेलं गणित होतं, आणि त्याला पीव्हीए नसलेली उत्पादनं विकणाऱ्या ब्लूलँड या कंपनीने पैसा पुरवला होता. उद्योगाच्या संघटनेने त्याचे निष्कर्ष फेटाळले, पण त्या संघटनेचंही हित यात गुंतलेलं आहेच. ब्लूलँड आणि इतरांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेकडे, म्हणजे ईपीएकडे, पीव्हीएच्या चाचण्या सक्तीच्या करा असा अर्ज केला. एप्रिल २०२३ मध्ये तो फेटाळला गेला.

यात आणखी एक बाब कुणी फारशी बोलत नाही. ही सगळी चर्चा घरातलं पाणी सांडपाणी केंद्रापर्यंत पोहोचतं असं गृहीत धरते. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२० मध्ये जगातल्या घरगुती सांडपाण्यापैकी ५६ टक्क्यांवरच सुरक्षित प्रक्रिया होत होती. उरलेलं सरळ ओढ्या-नद्यांत किंवा जमिनीत. ज्या घराचं पाणी असं जातं, त्या घरासाठी ‘केंद्रात विघटन होतं’ या वाक्याला काही अर्थ उरत नाही.

मग बाटलीच बरी?

असं मात्र मुळीच नाही. प्लास्टिकच्या बाटलीचं दुखणं खरं आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासानुसार २०१५ पर्यंत निर्माण झालेल्या प्लास्टिक कचऱ्यापैकी फक्त ९ टक्क्यांचा पुनर्वापर झाला होता. ‘बाटली पुनर्वापरयोग्य आहे’ आणि ‘बाटलीचा पुनर्वापर झाला’ यांत केवढं अंतर आहे, ते या आकड्यावरून कळतं. एका शीटमधली ग्रॅमच्या आतबाहेरची फिल्म आणि एक अख्खी जाड बाटली यांत निवड करायची, तर फिल्मच्या बाजूने बोलता येतं.

पण निवड या दोघांतच आहे, असं कुणी ठरवलं? पुठ्ठ्याच्या खोक्यातली पावडर आपण विसरूनच गेलो आहोत. तिच्यात पाणी नाही, त्यामुळे ते वाहून न्यायचा प्रश्न नाही. बाटली नाही. फिल्म नाही. बिल्डर आहेत आणि चांगल्या पावडरीत एन्झाइम आणि ब्लीचही आहे. मापाला थोडी जड आहे आणि गार पाण्यात विरघळायला जरा वेळ घेते, एवढंच. प्लास्टिक टाळायचं म्हणून कुणी शीटकडे वळत असेल, तर त्याने आधी खोक्यातल्या पावडरीचा विचार करावा, असं मी आग्रहाने म्हणेन. खोक्याच्या आत प्लास्टिकची पिशवी नाही ना, तेवढं पाहून घ्यावं.

आणि सूक्ष्म प्लास्टिकची चिंता असेल तर नजर डिटर्जंटवरून कपड्यांकडे वळवायला हवी. इंग्लंडच्या प्लिमथ विद्यापीठातल्या २०१६ च्या प्रयोगांतून असा अंदाज निघाला की ॲक्रिलिकच्या सहा किलो कपड्यांच्या एका धुण्यातून सात लाखांहून जास्त तंतू सुटू शकतात. हे तंतू विरघळत नाहीत. मशीन पूर्ण भरून धुणं, पाणी गार ठेवणं, कपडे उगाच न धुणं आणि पॉलिएस्टर-ॲक्रिलिकची खरेदी कमी करणं, यांचा उपयोग शीट आणि लिक्विडच्या निवडीपेक्षा जास्त होईल. पाणी तापवणाऱ्या मशीनमध्ये विजेचा मोठा वाटाही तापवण्यातच जातो.

त्वचेला सौम्य असते का?

इथे शीटची एक जमेची बाजू आहे. लिक्विडमध्ये पाणी असल्याने ते खराब होऊ नये म्हणून जंतुरोधक घालावे लागतात. त्यांपैकी मिथाइलआयसोथायाझोलिनोन या घटकाने गेल्या दशकात इतक्या लोकांना त्वचेची ॲलर्जी झाली की अमेरिकेतल्या त्वचातज्ज्ञांच्या संस्थेने २०१३ मध्ये त्याला ‘वर्षातलं ॲलर्जन’ ठरवलं. कोरड्या शीटला अशा घटकाची गरज सहसा पडत नाही. पण ‘सौम्य’ या शब्दाला कायद्याचं माप नाही. अनेक शीट्समध्ये सोडियम डोडेसिल सल्फेट हा मुख्य सरफॅक्टंट असतो आणि तो संवेदनशील त्वचेला झोंबू शकतो. सुगंधही त्रास देऊ शकतो. बाळाचे कपडे असोत की इसब असलेल्या माणसाचे, बिनवासाची शीट घ्या आणि कपडे एकदा जास्त पाण्यातून काढा.

वापरायचीच असेल तर

शीटची म्हणून काही कामं आहेत आणि ती ती छान करते. प्रवासात तिला तोड नाही: विमानातल्या हातसामानात द्रवाला अनेक विमानतळांवर १०० मिलिलिटरची मर्यादा असते, शीटला ती लागू होत नाही. मनगट दुखतं म्हणून किंवा वयामुळे ज्यांना जड बाटली उचलवत नाही, त्यांच्यासाठी तिचं हलकेपण ही चैन नाही, गरज आहे. वसतिगृहात राहणाऱ्याला ती ठेवायला सोपी. एन्झाइम आणि ब्लीच नसलेली शीट रेशीम आणि लोकरीलाही चालते, कारण हे धागे स्वतःच प्रथिनांचे असतात आणि प्रथिनं तोडणारं एन्झाइम त्यांनाच खातं.

मशीनमध्ये शीट डिटर्जंटच्या कप्प्यात ठेवू नका, ती तिथेच चिकट गोळा होऊन बसते. तुकडे करून रिकाम्या ड्रमच्या तळाशी टाका आणि मग वरून कपडे भरा. कमी पाणी घेणारं मशीन आणि झटपट प्रोग्रॅम असेल तर शीट आधी कपभर कोमट पाण्यात विरघळवून ओता, नाहीतर गडद कपड्यांवर पांढुरके चिकट डाग उरतात. हाताने धुतानाही आधी शीट विरघळवावी, मग कपडे भिजत घालावेत.

कॉलर, कफ आणि तेलाचे डाग यांवर धुण्याआधी साबणाची वडी घासून दहा-पंधरा मिनिटं थांबा. पांढऱ्या सुती कपड्यांवर रंगीत डाग असतील तर परकार्बोनेटची पावडर कोमट ते गरम पाण्यात घालून ते भिजवा. रेशीम-लोकरीला ती लावायची नाही. फार मळलेल्या धुण्याला दोन शीट्स टाकण्याचा सल्ला बरेच उत्पादक देतात. तसं केलंत तर खर्च आणि फिल्म दोन्ही दुप्पट होतात, हे हिशेबात धरा. मातीत खेळणाऱ्या मुलांचे कपडे, कामाचे तेलकट कपडे आणि आजारी माणसाच्या चादरी यांसाठी एन्झाइम आणि ब्लीच असलेली पावडर हाताशी असू द्या.

खोकं उघडल्यावर शीट्स झाकण असलेल्या कोरड्या डब्यात ठेवा आणि ओल्या हाताने काढू नका, नाहीतर सगळ्या एकमेकींना चिकटतात. डबा लहान मुलांच्या हाताला लागणार नाही इतक्या उंचीवर असावा. आणि विकत घेताना घटकांची यादी पाहा. तिथे पीव्हीए, पीव्हीओएच किंवा पॉलिव्हिनाइल अल्कोहोल असं लिहिलेलं असेल तर तो हाच पदार्थ आहे, वेष्टनावर पुढे काहीही छापलेलं असो.